निळ्या खुणेची लोकर

आमच्या खोऱ्यात शेफर्डांची सहा घरं. चर्चच्या आवारात तर पाय ठेवाल तिथे शेफर्ड पुरलेला. खूप पूर्वी कर गोळा करणाऱ्या कारकुनाने विचारलं असेल, कुठला रॉबर्ट? कोणी म्हणालं असेल, तो मेंढ्यांवाला. शेफर्ड म्हणजे तेवढंच. मग त्याची मुलं, मुलांची मुलं. इंग्लंडभर मेंढ्यांवाले पसरले. मेंढ्या मागेच राहिल्या.

आमच्यातला एक बस चालवतो. एक दात काढतो. माझा चुलतभाऊ डेस लोकांना पुरतो. कळप फक्त माझ्या वडिलांचा.

होता.

*

वसंतात लाळ-खुरकुताची साथ आली. मेंढ्या मारून जाळल्या, गोठे औषधाने धुतले. बाबा धुराकडे बघत उभे राहिले. नोव्हेंबरात गेले.

*

"मॉरीन, लोकर आण," डेस म्हणाला.

मेंढपाळाला पुरताना मुठीत लोकरीचा झुपका देतात. हा रविवारी प्रार्थनेला का नसायचा, असं वर विचारलं की दाखवायला.

"नाहीये. लोकरही जाळली."

"मग राहू दे. नाव आहे की. शेफर्ड म्हटल्यावर कळेल त्यांना."

"नाव तुझंही तेच आहे. तू कधी मेंढी धरलीस?"

"एकदा. खरं तर तिनेच मला धरलं होतं." मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि शवपेटीचं झाकण पुसायला घेतलं.

*

डोंगर. कुंपण. तार, तार, नुसती तार.

मग तारेत अडकलेला एक झुपका. ओला. टोकाला निळा रंग.

मेंढी कोणाची ते कळावं म्हणून लोकरीवर रंगाची खूण करतात. आमची तांबडी. निळी शेजारच्या जॉस टायसन यांची. चुकून आलेली निळी मेंढी बाबांनी कधी ठेवून घेतली नाही. बर्फातूनही नेऊन दिली. दर नोव्हेंबरात सगळं खोरं चुकलेल्या मेंढ्या परत करायला जमायचं. यंदा कोणी जमलं नाही.

मी झुपका घेऊन जॉस यांच्या दारात गेले. आडनाव टायसन, पण जन्म गेला मेंढ्यांत. त्यांचाही गोठा रिकामा.

"तुमची आहे," मी म्हटलं.

त्यांनी तो तळहातावर घेतला. चुलीजवळचं कुत्रं उठलं, हुंगलं, आणि कामाला निघायचं म्हणून दाराशी जाऊन उभं राहिलं.

"बस खाली," जॉस म्हणाले. ते बसलं नाही.

"कुठे सापडली?"

"आमच्या बाजूला."

"भटकीच होती ती." त्यांनी झुपका माझ्या हातात ठेवला. "ने, पोरी. विल्फला दे."

"बाबा घेणार नाहीत. निळी आहे."

"दिली नाही म्हणावं. सांभाळायला ठेवलीय. मी येईन न्यायला."

*

डेसने निळं टोक पाहिलं. या वेळी विनोद केला नाही.

बाबांची बोटं मिटेनात. आम्ही दोघांनी मिळून मिटवली.