श्यामसुंदरबाबूंसाठी प्रार्थना

कोलकात्याजवळच्या डमडमच्या त्या चर्चमध्ये दर रविवारी सभासदांपैकी कुणीतरी राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करायचं, आणि ती ज्याने त्याने आपल्या भाषेत केली तरी चालायची. मतदानाआधीच्या रविवारी पाळी आली नेमकी लीनाच्या नवऱ्याची, उदयची. त्यात पाळकसाहेबांचा निरोप आला की उमेदवार श्यामसुंदरबाबू स्वतः येणार आहेत, त्यांचं नाव घेऊन प्रार्थना करा.

याच माणसाच्या पक्षातल्या पोरांनी दहा दिवसांपूर्वी चर्चमधल्या सौरभचा हात मोडला होता. का, तर त्याने दुसऱ्या पक्षाची पत्रकं वाटली. सगळ्या गल्लीने पाहिलं आणि कुणी ब्र काढला नाही.

"नाव घेईन," उदय म्हणाला, "पण मग सौरभचंही घेईन. देवासमोर उभं राहून अर्धंच कसं बोलू?"

बँकेत साहेबापुढे याच्या तोंडातून शब्द फुटत नाही, आणि आजच बरा कंठ फुटला! लीनाला त्याचा राग आला, आणि रागाहून जास्त भीती वाटली. आपण नगरहून बदलीवर आलेली माणसं, इथे पाठीशी कोण उभं राहणार? आपली लेक अनुजा शाळेत एकटी चालत जाते. शेवटी तोडगा तिनेच काढला. "मग मराठीत कर. इथे कुणाच्या बापाला कळतंय!"

रविवारी श्यामसुंदरबाबू पहिल्या बाकावर बसले. उदय उभा राहिला.

"प्रभू, श्यामसुंदरबाबूंच्या माणसांनी सौरभचा हात मोडला. त्यांना क्षमा कर, पण आधी त्यांना त्याची लाज वाटू दे. आम्ही गप्प बसलो, त्याची आम्हालाही."

काही न कळता लोक आमेन म्हणाले. लीनाचा जीव भांड्यात पडला.

पण नावं कुठल्याही भाषेत कळतातच. बाहेर पडताना श्यामसुंदरबाबू दाराशी थांबले, नऊ वर्षांच्या अनुजापुढे वाकले आणि बंगालीत लाडाने म्हणाले, "तुझे बाबा माझ्याबद्दल काय गं म्हणाले? सौरभचं नाव ऐकलं मी."

इथेच वाढलेल्या, मराठी बोलताना अडखळणाऱ्या या पोरीला मराठी समजतं सगळं, आणि बंगाली तर तिच्या जिभेवरच आहे. देवा, आज हिला खोटं बोलू दे. चर्चच्या दारात उभं राहून लीनाने हे मागितलं.

अनुजाने सगळं बंगालीत सांगितलं. संडे स्कूलमध्ये वचन म्हणून दाखवावं तसं, खणखणीत आवाजात. निघालेली माणसं जागच्या जागी थांबली.

श्यामसुंदरबाबूंनी अनुजाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मग हसून लीनाकडे पाहिलं. "पोरगी बरोबर सांगतेय ना?"

लहान आहे हो, तिला मराठी नीट येत नाही, एवढं म्हटलं तरी भागलं असतं. कुणालाही पटलं असतं. अनुजा मान वर करून आईकडे बघत होती.

"हो," लीना म्हणाली. "एक शब्दही चुकली नाही."