शिवम्माचा खांब

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे. बाभळीचा, ओबडधोबड, मधेच थोडा वाकलेला. निजामाच्या राज्यात केजच्या एका दुकानदाराच्या सैपाकघरात मला ऐन मध्यावर उभं केलं आणि डोक्यावर मातीचं माळवद दिलं. त्या खोलीला ना खिडकी, ना धुराडं. धुरानं मी काळाकुट्ट झालो. येणारा-जाणारा अंधारात माझ्यावर कपाळ आपटायचा आणि वर मलाच शिव्या द्यायचा. जणू मीच चालत जाऊन त्याला धडकलो!

घरची मालकीण शिवम्मा मात्र मला कधी धडकली नाही. नवऱ्यामागं तिनं एकुलता एक कल्याण वाढवला आणि चूल कधी दुसऱ्याच्या हाती दिली नाही. ओली लाकडं फुंकताना तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी यायचं. हळूहळू तिला दिसेनासं झालं. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. आंधळी म्हणून आपल्याला कोपऱ्यात बसवतील, हाच तिला घोर. आत आली की ती माझ्यावर तळवा टेकायची, मग डावीकडे वळली की चूल, मागे रांजण. त्या अंधारात सगळेच चाचपडत, म्हणून तिचं चाचपडणं कुणाच्या लक्षात आलं नाही. मला सगळं ठाऊक होतं, पण खांबाला कोण विचारतो?

कल्याणरावाचं दुकान नीट चालू लागलं, तेव्हा तो म्हणाला, "माय, लई धूर खाल्लास. आता सैपाकघर नवंच करतो."

"कर बाबा. पन मधला खांब ऱ्हाऊ दे."

"कावून? लोकायची कपाळं फुटायलीत त्याच्यानं!"

शिवम्मानं माझ्यावर तळवा टेकला. काय सांगणार बिचारी?

त्यानं तिला भावाकडे माजलगावला पाठवलं. गहिनीनाथ सुतारानं वर सागाची तुळई टाकली आणि मला उपटून समोरच्या गोठ्यात टेकवलं. खिडकी निघाली, धुराडं झालं, चूल खिडकीखाली गेली. खोटं कशाला बोलू, खोली देखणी झाली होती.

शिवम्मा परतली त्या दिवशी नव्या चुलीवर पहिलं दूध तापत होतं. कल्याणराव हौसेनं बाजूला उभा राहिला. ती नेहमीसारखी भराभर आत गेली, हात पुढे केला, आणि हाताला काहीच लागलं नाही. तिचा तोल गेला. दुधाचं पातेलं लवंडलं, हात भाजला.

"माय! एवढा उजेड हाय, दिसलं न्हाई का तुला?"

ती बसल्या जागी त्याचं तोंड चाचपत म्हणाली, "लेकरा, तुला मिशा फुटल्या, त्याबी म्या पाहिल्या न्हाईत."

कल्याणराव हमसून हमसून रडला. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून त्यानं गहिनीनाथाला बोलावलं आणि मला स्वतः खांद्यावर घेऊन आला.

"मालक, याच्यावर आता भारच न्हाई. कशाला उभा करता?"

"करा म्हनलं ना!"

मला जागेवर रोवलं. चूलही पुन्हा माझ्या डावीकडे घातली. शिवम्मानं भाजलेला हात जपत दुसरा तळवा माझ्यावर टेकला आणि चुलीकडे वळली. इतकी वर्षं माळवद पेललं, पण मला असं कधी भरून आलं नव्हतं.

मित्रांनो, घरं जरूर नवी करा. धूर बाहेर जायलाच हवा. तो वेळेवर गेला असता तर शिवम्माचे डोळे वाचले असते. पण आधी घरातल्या माणसांकडे बघा. आज आईशी बोलाल तेव्हा नीट पाहा, ती तुमच्या तोंडाकडे बघून बोलते, की नुसत्या आवाजाकडे.