ठिपके नसलेल्या पाच प्लेट्स

"मॅडम, तुम्ही कधी मनाचेच आकडे ठोकून दिलेत का हो?"

तोंड माझं, पण प्रश्न आमच्या शाळेतल्या टोळीचा. वादविवाद स्पर्धेचा कप घरी आणल्यापासून मी जरा जास्तच फाडफाड बोलायला लागले होते. म्हणून टोळीतल्या चष्मिसने पैज लावली होती, "एवढी धीट ना तू? मग ताईच्या शास्त्रज्ञ बाईंना हे विचारून दाखव!"

दाखवलं. भर प्रयोगशाळेत. ताईने टेबलाखालून माझ्या पायावर सणसणीत पाय दिला.

मॅडम मात्र हसल्या. "ठोकून दिले नाहीत. पण मोह झालाय, पुष्कळदा. म्हणून तर हे ठिपके." त्यांनी काचेची एक चपटी प्लेट उलटी धरली. आत मातीतले जिवाणू वाढून टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढऱ्या कॉलनी झाल्या होत्या. एक कॉलनी मोजली, की प्लेटच्या मागून मार्करने एक ठिपका द्यायचा, असा तिथला नियम होता. "म्हणजे एकच कॉलनी दोनदा मोजली जात नाही, आणि आकडा कुठून आला हे कुणालाही तपासता येतं."

मी पैज जिंकले. आठवडाभर मिरवले.

ताई बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मॅडमच्या प्रयोगशाळेत वर्षभर तिने नुसत्या बाटल्या धुतल्या. "घरी एक कप विसळत नाही आणि तिकडे शंभर बाटल्या!" असं आई म्हणायची. मग तिला स्वतःचा छोटासा प्रयोग मिळाला: रोज तुडवल्या जाणाऱ्या पायवाटेच्या मातीत जिवाणू कमी असतात का? एकूण साठ प्लेट्स. निष्कर्ष विभागाच्या बैठकीत ती स्वतः मांडणार होती. आरशासमोर उभं राहून "नमस्कार, मी..." इतकंच ती वीस वेळा म्हणायची आणि मी वीस वेळा खिदळायचे.

मोजायच्या दिवशी नेमकी तिची प्रॅक्टिकलची परीक्षा आली. प्लेट्स दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणार नव्हत्या, कॉलनी वाढून एकमेकींत मिसळल्या असत्या. मॅडमना विचारून तिने मला बसवलं. "बाकीच्या मी सकाळीच मोजल्यात, शेवटच्या बारा तुझ्या. ठिपके दे. घाई करू नकोस हं, बाई."

सात मोजल्या. देवाशप्पथ, नीट मोजल्या. मान अवघडली, डोळ्यांपुढे पांढरंच पांढरं. त्यात फोन थरथरत होता. टोळी पोहायला निघाली होती. "येतेयस की झालीस शास्त्रज्ञ?"

उरलेल्या पाच प्लेट्सकडे मी एक नजर टाकली. सगळ्या सारख्याच तर दिसत होत्या! लिहिलं: १८३, १७६, १९१, १८०. पाचवा आकडा मुद्दाम वेडावाकडा, १४७. म्हणजे खरा वाटेल. हे सुचलं तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. ते कौतुक आठवलं की अजून कानशिलं तापतात.

गुरुवारी ताई घरी आली आणि थेट पुस्तकांचं कपाट आवरायला लागली. एरवी त्या कपाटात धुळीचीच वस्ती असते. मी मागे लागले तेव्हा कुठे बोलली. बैठकीच्या आधी मॅडमनी मोजून झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवलेल्या प्लेट्स काढून तपासल्या. पाच प्लेट्सच्या मागे एकही ठिपका नव्हता. बैठकीतून ताईचं नाव काढलं. पुढचा प्रयोगही बहुतेक नाहीच.

"तू माझं नाव सांगितलं नाहीस?"

"वहीत त्या पानाखाली सही माझी आहे."

"अगं, मग ओरड ना माझ्यावर! फटका दे!"

तिने हातातलं पुस्तक नीट आडवं ठेवलं. "मला नुसता फोन केला असतास, तर परीक्षा संपल्यावर येऊन मी मोजल्या असत्या. अर्धा तास लागला असता."

त्यापेक्षा फटका परवडला असता.

जेवताना बाबा म्हणाले, "जाऊ दे गं, पुढच्या वर्षी मांडशील. त्या बाईच फार कडक दिसतात."

आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हिने बघ, सुट्टीच्या दिवशी कसं मन लावून काम केलं तुझं. नाहीतर बहिणी कुठे एवढं करतात!" आणि तिने मला आणखी वाढलं.

ताईने मान खाली घातली. मी ताट पुढे सरकवलं.

"आई, बाबा, उद्या मी शाळेत जाणार नाही. ताईबरोबर मॅडमकडे जाणार आहे. ते पाच आकडे मी मनानेच ठोकून दिले, हे मीच त्यांना सांगणार. त्या प्लेट्स अजून फ्रिजमध्ये आहेत. मॅडम हो म्हणाल्या तर त्यांच्यासमोर बसून एकेक ठिपका देत मोजेन, नाही म्हणाल्या तर बाटल्या धुवेन, येणारी सगळी सुट्टी. तुम्ही काय रागवायचं ते आत्ता रागवा. पण ताईच्या सहीवर माझी लबाडी मी राहू देणार नाही."