लांब कानांची गाय

"खड्डा यांचा, आन चायला दूध आमचं!" नरहरी आनंदीच्या कानाशी पुटपुटले.

नरहरी म्हणजे तिचे थोरले दीर. बोईसरकडच्या माहीमला त्यांच्या वाडीत विजेच्या टॉवरचा पाया खणत होते, आणि आनंदीने मजुरांसाठी पुन्हा आधण ठेवलेलं त्यांना काही रुचलं नव्हतं. ती उत्तर देणार तोच खड्ड्यातून आरोळी आली, "रुको, रुको! पत्थर है!"

पत्थर कसला, चांगली पुरुषभर उंचीची शिळाच! सगळे कडेला लोटले. आनंदीच्या सुनेने, जागृतीने, बादलीभर पाणी ओतलं तशी माती ओघळली. वर चंद्र-सूर्य, मध्ये झिजलेल्या अक्षरांच्या ओळी. आनंदी कडेला ओणवून बघू लागली. या वाडीने तिला नारळ दिले, विड्याची पानं दिली, कायमची कंबरदुखी दिली. पण पोटात असं काही दडवून ठेवलं असेल याचा कधी पत्ता लागू दिला नव्हता.

"खाली गाय हाय, बगा!" नरहरी तर पोरासारखे हरखले. "कामधेनू! आन ती बाई दूध काढते. जागृती, कुंकू आण गो!"

कुंकू लागलं. नारळ फुटला. कुणीतरी खोबरंही वाटून टाकलं. मग दुसरी बादली ओतली गेली आणि गाईचे कान उघडे पडले. चांगले लांब होते. आणि बाई काही दूध काढत नव्हती.

नरहरी एकाएकी माडाच्या झावळ्या न्याहाळू लागले. जागृतीने कुंकवाचा करंडा ओढणीआड सारला.

"काकू, बोईसरहून काँक्रीटची गाडी निघालीय," लाइनीचा इंजिनीअर मितेश म्हणाला. "दगड राहू दे तिथेच, वरून ओतून टाकतो."

"ओतून टाकतो? रांगोळी आहे का ती?"

"मग पुरातत्त्व खात्याच्या साहेबांना विचारा. ते थांब म्हणाले तर थांबतो."

ग्रामपंचायतीतून नंबर मिळाला. वाडीतून फोटो काही जाईना, फोनवरचं चाक नुसतं गरगर फिरे. आवाज मात्र जात होता. जागृतीने फोन स्पीकरवर टाकला आणि वरचे चंद्र-सूर्य, मधली अक्षरं सांगितली.

"चंद्र-सूर्य वीरगळावरही असतात," साहेब म्हणाले. "खाली काय कोरलंय?"

"जनावर."

"कोणतं?"

"चार पायांचं," म्हणत जागृतीने फोन मितेशच्या हातात कोंबला.

"सर, म्हणजे... कौटुंबिक विषय आहे," मितेश म्हणाला आणि फोन नरहरींकडे गेला.

"धार्मिक हाय, सायेब."

"अहो, नेमकं बोला! मला वाटतंय तसा दान मोडणाऱ्याला शाप देणारा जुना दगड असेल तर आत्ता काम थांबवायला लावतो. नाहीतर सोमवारी येऊन बघेन."

फाटकाशी भोंगा वाजला. गाडीचं पोट घुर्रघुर्र फिरत आत येत होतं. सोमवारी बघायला उरणार काय, सिमेंट?

लग्न होऊन आल्यापासून आनंदी या दिरांसमोर मोठ्याने शिंकलीही नव्हती. तिने पदर कमरेला खोचला आणि त्यांच्या हातून फोन ओढून घेतला.

"साहेब, गाढव आहे! आणि ते बाईवर चढलंय!"