उभ्या उभ्या झालेली चौकशी

मित्रांनो, मी एक जुनी तिपाई आहे आणि माझं डोकं तापलंय. तिपाईला कुठलं आलं डोकं, असं विचारू नका. वरची गोल फळी आहे ना, तेच. दहा वर्षं माणसं त्याच्यावर बसली, तरी ते ठिकाणावर आहे. सगळ्याच साहेबांबद्दल असं सांगता येत नाही.

मला सुतारकाकांनी बनवलं, एका इमारतीच्या बांधकामावर, उरलेल्या फळ्यांतून. "चार पाय दिले तर या खडबडीत जमिनीवर डुगडुगेल. तीनच बरे," असं पुटपुटत त्यांनी मला घासूनपुसून माल चढवायच्या लिफ्टपाशी नेलं.

"घ्या मावशी, तुमचं सिंहासन."

"आणि राज्य कुठंय?" लिफ्टवाल्या मावशी म्हणाल्या आणि ऐसपैस बसल्या.

राज्य होतं की! विटा, वाळू, सिमेंट, सगळं मावशींच्या हुकमाने वर जायचं. वरून घंटा वाजली की दांडा ओढायचा आणि माल उतरेपर्यंत तो दोन्ही हातांनी दाबून धरायचा. हात सुटला की लिफ्ट घसरली. मावशींचा हात कधी सुटला नाही. एक इमारत झाली की दुसरी, मी त्यांच्याबरोबर. गवंडी जाता-येता माझ्यावर थाप मारून म्हणायचा, "हिच्या जिवावर आमच्या विटा येतात." लाकूड पाण्याने फुगतं, मी कौतुकाने फुगायचे.

मग नवे सुरक्षा साहेब आले. पांढरंशुभ्र हेल्मेट, त्यावर एक ओरखडा नाही. मावशी बसलेल्या दिसल्या आणि साहेबांचा पारा चढला.

"बसलं की झोप लागते! सुरक्षेसाठी उभं राहायचं!"

सुरक्षेसाठी, बरं का! मला उचललं आणि गोदामात रंगाच्या डब्यांखाली कोंबलं. माझ्या जागी पाटी लावली, 'सावध रहा'. पाटीला सांगायला काय जातंय? तिला गुडघे नाहीत.

मावशींना होते. गोदामाच्या फुटक्या खिडकीतून मला सगळं दिसायचं. दहा-दहा तास उभं राहून संध्याकाळी त्यांचे गुडघे उशीसारखे सुजायचे. दोनदा त्या साहेबांकडे गेल्या. "साहेब, पाय साथ देत नाहीत हो."

"होईल सवय, मावशी." असं म्हणताना साहेब कुठे होते? खुर्चीत!

अठराव्या दिवशी दुपारी मावशींचा गुडघा मुडपला. दांडा सुटला. लिफ्ट हातभर खाली आली आणि वर विटा उतरवणाऱ्या आमच्या गवंड्याचं पाऊल मध्ये सापडलं. दोन बोटं मोडली. जीव वाचला, एवढंच.

साहेबांनी अर्ध्या तासात अहवाल लिहून काढला. कारण, लिफ्टवालीची चूक. उपाय, लिफ्टवालीला कामावरून काढणे. माझ्याबद्दल एक अक्षर नाही! दुसऱ्या दिवशी चौकशी होती, म्हणजे नुसत्या सह्या. इतक्या वर्षांची मावशींची रोजीरोटी एका कागदावर जाणार होती आणि मी डब्यांखाली तडफडत होते.

सकाळी सुतारकाका आले. त्यांनी डबे हटवले, मला काखोटीला मारलं. गालातल्या गालात हसत होते. साहेबांच्या खोलीत जाऊन बघते तर काय, एक खुर्ची नाही!

"खुर्च्या कुठं गेल्या?" साहेब ओरडले.

"पॉलिशला नेल्यात, साहेब. जुनाट दिसतात, तुम्हीच म्हणाला होतात."

"मग मी बसू कशावर?"

"बसलं की झोप लागते, साहेब. चौकशी महत्त्वाची आहे."

प्लास्टर घातलेला गवंडी कुबड्या टेकत आला, तो तेवढा माझ्यावर बसला. मावशी उंबऱ्यावर टेकल्या. बाकी सगळे उभे. मावशींच्या वतीने काकांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. दांडा कुणी बसवला? घंटा कधी तपासली? संपतील तर शपथ! पाऊण तासाने साहेब या पायावरून त्या पायावर व्हायला लागले. सव्वा तासाने भिंतीला टेकले. दोन तासांनी कागद पुढे आला. त्यावर सहीच्या दोन जागा होत्या, 'चौकशी करणारा' आणि 'चूक करणारा'. साहेबांनी एकदाची सही ठोकली, ती दुसऱ्या जागेवर.

कुणी हसलं नाही. गवंडी शांतपणे म्हणाला, "दोनच तास झाले, साहेब. आणि तुमच्या हातात नुसतं पेन होतं."

साहेबांची मान खाली गेली. गवंड्याने उठून मला पुढे सरकवलं. साहेब बसले, गुडघे चोळले. मग अहवाल फाडला.

"मावशी, सांगा. मी लिहितो."

"तिपाई द्या. आणि हात सुटला तरी दांडा अडेल असा खटका बसवा. बसलं तरी हात कधीतरी दमणारच."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कधी?"

मी आता लिफ्टपाशी आहे, मावशीही आहेत. दांड्याला खटकाही बसलाय. गवंड्याची बोटं मात्र वाकडीच राहिली. त्याचा राग माझ्या लाकडातून जात नाही.

मित्रांनो, काही बिघडलं की लगेच 'कुणी केलं?' म्हणून ओरडू नका. ते माणूस किती वेळ उभं होतं, हेही विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत स्वतः बसू नका.