कपाटातलं वाय-फाय

क्रांती चौकातल्या बियाणं कंपनीचं नेटवर्क तनुजा सांभाळायची. नव्या पिढीचं वाय-फाय सोमवारपर्यंत चाललं नाही तर तिची नोकरी जाणार होती, कारण ते घ्यायला तिनंच सुचवलं होतं.

मालक रामकिसनरावांनी राऊटरला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि महागाची वस्तू म्हणून चालू राऊटर लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

“काका, लोखंडातून सिग्नल बाहेर येत नाय,” तनुजा म्हणाली. “बाहेर भिंतीवर लावू.”

“पूजा झालेली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवायची नाय.”

“मग दारं तरी उघडा. याचा वेग लई, पण पोच कमी. भिंत आली की दमतो.”

“जुना भिंत ओलांडायचा?”

“व्हय.”

“मग पिढी पुढं गेली का मागं?”

तिनं फळ्यावर लहरी काढून दाखवल्या. तासाभरानं रावांना सगळं कळलं, आणि तिथंच घात झाला. त्यांनी दारं उघडली आणि ऑफिसातल्या बाकी नऊही माणसांना खुर्च्यांसकट कपाटासमोर दाटीवाटीनं बसवलं. फायली डोळ्यांदेखत उतरू लागल्या. हिशेबनीस तर ढोपर कपाटात घालून बसले होते.

“असलं नेट जिंदगीत पाहिलं नाय,” राव म्हणाले. “पोरी, लई भारी समजावलंस.”

तनुजाला हायसं वाटलं. ती आपली खुर्ची घेऊन आली, पण जागा उरली नव्हती.

“तू आता कशाला बसतीस?” राव मायेनं म्हणाले. “तीन फुटांचं नेटवर्क राहिलंय. त्याला सांभाळायला माणूस लागतंय व्हय?”