चार दिवसांचं गणित

चाळीस वर्षं झाली, पण ती लॅब अजून डोळ्यांसमोर आहे. मी पीएच.डी. करत होते आणि पोटासाठी कॉम्प्युटरची प्रॅक्टिकल घेत होते. इकडे आड, तिकडे विहीर.

कोपऱ्यातल्या मशीनवर माझा प्रोग्रॅम चार दिवस सलग चालू होता. त्याचं उत्तर आलं की प्रबंधाचं शेवटचं प्रकरण पुरं होणार होतं.

पाचव्या दिवशी गाईडसरांनी बोलावून घेतलं. "सोमवारी प्रकरण हवं. नाहीतर बसा आणखी वर्षभर!"

"आज उत्तर येतंय, सर," म्हणत मी प्रॅक्टिकल घ्यायला लॅबकडे धावले. दहा मिनिटं उशीर झालाच.

कोपऱ्यातल्या माझ्या मशीनसमोर एक विद्यार्थिनी बसली होती. "बाई, आम्ही खोळंबलो नाही हं! तुम्ही शिकवलंत तसं आधी मशीन बंद करून चालू केलं."

पहिल्या तासाला मीच ते त्यांच्याकडून घोकवून घेतलं होतं. 'बंद करू नये' अशी चिठ्ठी चिकटवायची तेवढी राहिली होती.

"शाब्बास," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"बाई, आज काय शिकायचं?" मागून आवाज आला.

तीस चेहरे माझ्याकडे बघत होते. मी खडू उचलला आणि फळ्याकडे तोंड करून बराच वेळ तारीखच लिहीत राहिले.